वाकायचं कुणापुढे

"टीचर, बाकी सगळं शिकवा. फक्त तिला त्या फोटोपुढे वाकायला लावू नका."

हॉलच्या दारात छत्री झटकत त्या बाईंनी हे सांगितलं. आवाजात भांडण नव्हतं आणि आर्जवही नव्हतं. दुधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर कमी टाक म्हणावं इतकं ते सरळ होतं. मुलगी मागे उभी. कराटेचा नवा कोरा ड्रेस, खळ अजून न गेलेली, बाह्या दोनदा दुमडलेल्या, नजर स्वतःच्या पायाच्या अंगठ्यांवर. फोटो म्हणजे गिचिन फुनाकोशींचा. ओकिनावा बेटावरचे शाळामास्तर. १९२२ साली टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला गेले आणि मग तिथेच राहिले. आमची शोतोकान शैली त्यांची, म्हणून वर्गाच्या सुरुवातीला आणि शेवटी त्यांच्या फोटोच्या दिशेने सगळे कमरेतून वाकतात. आमच्या हॉलमध्ये त्यासाठी वेगळी भिंत कुठली? स्टेजखाली एक प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर फ्रेम, आणि बरोब्बर तिच्या वर भिंतीवर पुरुषभर उंचीचा क्रूस. मी "बरं" म्हटलं आणि मुलीला रांगेत उभं केलं. पण रात्री झोपेपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. इतकी वर्षं मी स्वतः कुणापुढे वाकत आले? खुर्चीतल्या मास्तरांपुढे, की वरच्या क्रुसापुढे, की कुणापुढेच नाही, नुसती पाठीला लागलेली सवय म्हणून?

वसईतल्या चर्चचा हॉल ज्यांनी पाहिलाय त्यांना वर्णन करून सांगायला नको. एका कोपऱ्यात घडीच्या खुर्च्यांची चळत, दुसऱ्यात सणाच्या पताकांचं पोतं, स्टेजवर चादरीखाली झाकलेला कीबोर्ड. रविवारच्या लग्नातल्या मटणाचा वास मंगळवारपर्यंत पडद्यांत राहतो. पावसाळ्यात फरशीला पाणी सुटतं, मॅट उचलली की खालून बुरशीचा आंबट वास येतो, आणि मुलं नाक दाबून हसत हसत ती सुकवायला दारात नेतात. आमच्या आधी धर्मशिक्षणाचा वर्ग असतो, आमच्यानंतर गायकवृंदाचा सराव. मधला वेळ आमचा. फादरांनी घातलेली अट एकच: सहाची मिस्सा सुरू झाली की किंचाळायचं नाही. त्यामुळे घंटा झाली की आमचा वर्ग मुका होतो, नुसती पावलांची सरसर आणि श्वास. खरं सांगायचं तर मला तोच भाग जास्त आवडतो, पण मुलांना नाही.

हा वर्ग चर्चचा उपक्रम झाला तोही असाच वाकड्या वाटेने. महिला मंडळाला मुलींसाठी 'स्वसंरक्षण शिबिर' हवं होतं. एक रविवार, दोन तास, शेवटी समोसा आणि प्रमाणपत्र. मी नाही म्हणाले. दोन तासांत शिकवलेला डाव विरार लोकलच्या गर्दीत आठवत नाही. आठवतो तो फक्त खोटा धीर, आणि तो धोक्याचा. हात आपोआप वर यायला महिने लागतात, घाबरलेलं असताना वर यायला वर्षं. फादर हसले आणि म्हणाले, मग दर आठवड्याला घ्या, पण चर्चचं सेवाकार्य म्हणून घ्या, सगळ्यांसाठी. 'सगळ्यांसाठी' हा शब्द त्यांनी सहज उच्चारला असेल, पण त्यानेच पुढची गंमत झाली. वाडीतली कुपारी, म्हणजे आमच्या वसईच्या ख्रिस्ती समाजातली, मुलं आली, तशी स्टेशनकडच्या चाळींतली आली, पानवाल्याचा नातू आला, दोन मुसलमान बहिणी आल्या, ज्यांचा मोठा भाऊ वर्ग संपेपर्यंत बाहेर स्कूटरवर बसून मोबाईल बघतो. फी म्हणजे हॉलच्या विजेपुरते पैसे. पत्रकावर वर लिहिलं होतं 'युवा सेवाकार्य', आणि खाली कुणीतरी हौसेने लाथ मारणाऱ्या माणसाचं चित्र छापलं होतं. त्या चित्राची लाथ चुकीची आहे. अजून बदललेलं नाही.

मुली सुरुवातीला ओरडू शकत नाहीत. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. हेइआन शोदान हा पहिला काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या २१ हालचाली, त्यात दोनदा किआई द्यायची असते, म्हणजे पोटातून आवाज काढायचा. मुलगे आनंदाने देतात, गरज नसलेल्या ठिकाणीही देतात. मुलींचा पहिला आवाज मात्र हसू होऊनच बाहेर येतो, हाताने तोंड झाकलेलं. याच इमारतीला लागून असलेल्या चर्चमध्ये आम्ही सगळ्या बाकावर गप्प बसायला शिकलो. माझी आजी लाल लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन बसायची, आणि मी कुजबुजले तरी कोपराने ढोसायची. त्या भिंतींना लागून उभं राहून पोटातून ओरडायचं म्हणजे आजीचं कोपर बरगडीत लागल्याशिवाय राहत नाही. मला स्वतःला तिशी ओलांडेपर्यंत धड किआई देता आली नाही, आणि आमचे सर, जे नालासोपाऱ्याला एका बालवाडीच्या गच्चीवर वर्ग घ्यायचे, दर वेळी एवढंच म्हणायचे, "आवाज घरी ठेवून आलीस का?"

तर पुढच्या वर्गात ती मुलगी ताठ उभी राहिली. बाकी सगळे वाकले, ती समोर बघत राहिली. काही बिघडलं नाही. बिघडलं ते नंतर, जोड्या लावल्यावर. जोडीतला मुलगा तिच्यापुढे वाकला, ती वाकली नाही, आणि तो गोंधळून तसाच उभा राहिला. हात वर घ्यावेत की नाही, कळेना त्याला. वाकण्याचं हे काम माझ्या आजवर लक्षातच आलं नव्हतं. समोरच्याला त्यातून कळतं की आता जे होणार आहे ते ठरवून होणार आहे, तुझ्या नाकाशी माझी मूठ येईल पण थांबेल. ते सांगणंच राहिलं तर समोर उभा असतो नुसता एक माणूस, मुठी आवळलेला.

तिने स्वतःच तोडगा काढला. पुढच्या खेपेला सगळे वाकले तेव्हा तिने क्रुसाची खूण केली. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, झटझट, फुटबॉलपटू करतात तशी. तिच्या शेजारच्या दोघींनी बघून केली. मग त्यांच्या मागच्या रांगेने. मुलांचं काय असतं, जे पुढचा करतो ते मागचा करतो. निम्म्यांना तो कराटेचाच भाग वाटला. महिन्याभरात पानवाल्याचा नातूसुद्धा लाथ मारण्याआधी कपाळाला हात लावू लागला, तोही उलटा, आधी उजवा खांदा. आणि मग एका संध्याकाळी त्याची आजी दारात उभी राहिली.

"बाई, आमच्या पोराला हे काय शिकवता? घरी देवापुढंपण असंच करतो."

ती चिडलेली नव्हती. घाबरलेली होती, आणि तिच्याहून जास्त मी. हल्ली चर्चच्या हॉलमध्ये दुसऱ्या धर्माच्या मुलांना गोळा करून काहीही शिकवायचं म्हटलं की कुठला शब्द उच्चारला जाईल हे आम्हाला ठाऊक असतं. तो शब्द त्या आजींनी उच्चारला नाही, हे त्यांचे उपकार. मी मुलाला हाक मारली, आजींसमोर नीट सांगितलं की ही खूण तुझी नाही, ती ज्यांची आहे ते करतील. तो म्हणाला, "पण मग माझी लाथ उंच जाते." आजी हसल्या, म्हणून निभावलं.

विषय पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत गेलाच. तिथे तीन तट पडले. एक काका म्हणाले, "अरे, नुसता व्यायाम आहे तो, एवढं काय?" दुसऱ्यांनी रोमचं १९८९ चं पौर्वात्य ध्यानपद्धतींबद्दलचं पत्र छापून आणलं होतं, वर्गाच्या सुरुवातीला आम्ही डोळे मिटून मिनिटभर बसतो ते झेन आहे असं त्यांचं म्हणणं. पत्रात सावध राहा म्हटलंय तसंच, ख्रिस्ती नाही एवढ्याच कारणाने या पद्धती टाकून देऊ नका असंही म्हटलंय; पण ते पान त्यांनी छापलं नव्हतं. तिसरा तट उत्साही तरुणांचा. त्यांना सगळंच ख्रिस्ती करून टाकायचं होतं. पट्ट्यावर वचन छापा, प्रत्येक पट्ट्याला एक स्तोत्र पाठ, कराटेत होकाराला म्हणतात त्या 'ओस' ऐवजी 'आमेन'. अमेरिकेत अशी कराटे चालवणारी चर्चेस बरीच आहेत, त्यांचे व्हिडिओही त्यांनी दाखवले. मला ते बघवेना. कात्याला बाप्तिस्मा देता येत नाही. 'आमेन' म्हणून मारलेली बुक्की बुक्कीच असते, फक्त मारणाऱ्याला आपण बरोबर आहोत याची खात्री जास्त वाटते, आणि तीच मला नको आहे. राहता राहिले 'नुसता व्यायाम' वाले काका. त्यांचं मत वर्गाच्या सोयीचं होतं तरी मला ते सगळ्यांत कमी पटलं. फुनाकोशींच्या वीस नियमांतला पहिलाच नियम आहे की कराटे वंदनाने सुरू होतं आणि वंदनानेच संपतं. वाकण्याला अर्थ नाही म्हणणाऱ्या काकांपेक्षा, अर्थ आहे म्हणून नको म्हणणाऱ्या त्या बाई फुनाकोशींच्या जास्त जवळ होत्या.

बैठकीच्या खोलीत संत गोन्सालो गार्सियाचं चित्र आहे. चर्चा लांबली की माझं लक्ष भिंतीवर जातं. गोन्सालो आमच्या वसईचा, आई इथलीच, बाप पोर्तुगीज. त्याच्या नावाचं कॉलेज आहे, गासला चर्च आहे, घरटी एकतरी माणूस त्याच्या नावाचा सापडेल. आम्ही त्याला इतका आपला करून टाकलाय की तो मेला कुठे हे मुलांना विचारावं लागतं. तो पोरवयात जेझुइटांबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, मग व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला, आणि १५९३ साली पेद्रो बाप्तिस्तांबरोबर दुभाषा म्हणून पुन्हा जपानला उतरला. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे जे बोलणं झालं त्यात शब्द गोन्सालोचे होते. मी त्या चित्राकडे बघत होते आणि पहिल्यांदा मनात आलं: त्या दरबारात दुभाष्याने ताठ उभं राहून चाललं नसणार. वसईचा हा माणूस कपाळ जमिनीला टेकेपर्यंत वाकला असणार, पुन्हा पुन्हा. आणि त्याच हिदेयोशीच्या हुकमाने क्योतोत त्याचा डावा कान कापला, ऐन थंडीत महिनाभर चालवत नागासाकीला नेलं, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर चढवून दोन्ही कुशींत भाले खुपसले. श्रद्धा सोडायला तो तयार झाला नाही. वाकायला मात्र बहुधा त्याची कधीच ना नव्हती.

पुढे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, आणि त्याच नागासाकीत वाकणं पुरेसं राहिलं नाही. दरवर्षी लोकांना येशूच्या किंवा मारियेच्या कोरीव चित्रावर पाय देऊन चालायला लावत. दोनशेहून जास्त वर्षं हे चाललं. कितीतरी घराण्यांनी पाय दिला आणि घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांच्या देव्हाऱ्यात कान्नोन या बौद्ध देवतेची मूर्ती असायची, हातात मूल घेतलेली. शेजाऱ्याला ती बौद्ध दिसे, घरच्यांना मारिया. १८६५ साली फ्रेंच धर्मगुरूंनी तिथे बांधलेलं ओउराचं चर्च उघडलं, त्या सव्वीस हुतात्म्यांच्याच नावाने, आणि महिन्याभरातच जवळच्या उराकामी गावचे काही लोक आत येऊन हळूच म्हणाले, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. सात पिढ्या बाहेरून एक आणि आतून एक. हे वाचलं की माझ्या 'मी कुणापुढे वाकते' या प्रश्नाची जरा लाजच वाटते. नागासाकीत जिथे त्यांना क्रुसावर चढवलं त्या टेकडीवर आता सव्वीस जणांचं ब्राँझचं शिल्प आहे, १९६२ सालचं. शिल्पकाराचं आडनाव फुनाकोशी. आमच्या मास्तरांचा नातेवाईक नव्हे; ते दक्षिणेच्या बेटावरचे, हा उत्तरेकडचा. तरी वर्गात मी हे सांगितलं तेव्हा मुलांनी ते नातं पक्कं करून टाकलंय, आणि मी खोडत बसत नाही.

अर्थात, वाकणाऱ्याच्या मनात काय आहे तेच खरं, असं म्हणून सुटताही येत नाही. १९३२ साली टोकियोच्या सोफिया विद्यापीठातल्या काही कॅथलिक विद्यार्थ्यांनी यासुकुनीच्या, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या, शिंतो देवळापुढे वाकायला नकार दिला, लष्कर खवळलं, आणि १९३६ साली रोमने सांगितलं की हे वाकणं नागरी आदर आहे, पूजा नव्हे, खुशाल वाका. शब्द बरोबर होते. पण ज्या सरकारने वाकायला लावलं ते त्या दशकात काय करत होतं ते आपल्याला माहीत आहे. त्याच वर्षांत कराटेही शाळा-कॉलेजांतून रांगा लावून, हुकमावर शिकवलं जात होतं. शनिवारी मी "रे", म्हणजे वंदन करा, म्हणते आणि पोरांची अख्खी रांग एकदम लवते, तेव्हा मलाही ते छान दिसतं. छान दिसतं याचीच धास्ती वाटते. त्या मानाने फुनाकोशींचे गुरू इतोसु बरे. १९०८ साली शिक्षण खात्याला लिहिलेल्या पत्राचं पहिलंच वाक्य त्यांनी असं टाकलंय की कराटे बौद्ध धर्मातून किंवा कन्फ्यूशिअसच्या शिकवणीतून आलेलं नाही. शाळेत काही नवं सुरू करायचं तर आधी अशी खात्री द्यावी लागते, हे तेव्हाच्या ओकिनावातही होतं तर!

कौन्सिलने काही ठरवलं नाही. आमची कौन्सिल क्वचितच काही ठरवते. त्याच पावसात फ्रेमच्या काचेआड बुरशी धरली, म्हणून मी फोटो घरी नेला, आणि तो परत आणायचं राहून गेलं. आता समोर वाकताना खुर्ची नसते. ज्याला क्रूस दिसतो त्याला क्रूस दिसतो, बाकीच्यांना भिंत. सुरुवातीचा एक मिनिट ज्याने त्याने आपापला वापरावा. पानवाल्याचा नातू त्यात काय म्हणतो ते मी विचारलेलं नाही. आणि ती मुलगी भिंतीपुढे अजून वाकत नाही, पण जोडीदारापुढे वाकायला लागली आहे. "आईला विचारलंस?" असं मी म्हटलं तर म्हणाली, "विचारलं. आई म्हणाली, माणसांना चालेल."

सध्याची भानगड वेगळीच आहे. उपवासकाळ सुरू झाला की आमच्याकडे गुड फ्रायडेच्या दुःखसहनाच्या देखाव्याची तयारी लागते, आणि यंदा फादरांनी रोमन शिपाई म्हणून कराटेची मुलं मागितली. पडता येतं, रांगेत चालता येतं, ओरडता येतं. सगळ्यांना शिपाईच व्हायचंय. येशूचा क्रूस वाहायला मदत करणारा सायमन व्हायला कुणी तयार नाही, कारण त्याला फक्त वजन उचलायचं आहे. येशूला थोबाडीत मारणारा मुख्य याजकाचा सेवक, ही भूमिका त्या न वाकणाऱ्या मुलीने हट्टाने मागून घेतली. तिला मारायचं कसं हे शिकवायला बसलो आणि एक गोष्ट आम्हा दोघींच्याही एकदमच ध्यानात आली. उजव्या हाताने उजव्या गालावर मारायचं तर सरळ थप्पड लागतच नाही, हात उलटा फिरवावा लागतो, आमच्या उराकेनसारखा, मुठीच्या मागच्या बाजूने मारतात तसा. म्हणजे मत्तयच्या शुभवर्तमानात उजवा गाल आहे तो मुद्दाम असावा. उलट्या हाताने मारतात ते नोकराला, बायकोला, कमी लेखलेल्या माणसाला. दुसरा गाल पुढे केला की मारणाऱ्याला सरळ हात वापरावा लागतो, बरोबरीच्या माणसाला मारावं तसं. अभ्यासकांनी हे पूर्वीच म्हटलेलं आहे; पण पुस्तकात वाचणं निराळं आणि बारा वर्षांच्या मुलीने मनगट फिरवून "टीचर, असं मारलं तर जास्त अपमान होतो ना?" म्हणणं निराळं.

दुसरा गाल ऐकून ऐकून मोठ्या झालेल्या मुलांना योहानाच्या शुभवर्तमानातला प्रसंग नीट माहीत नसतो. तिथे येशूला थोबाडीत बसते तेव्हा तो दुसरा गाल पुढे करत नाही. तो विचारतो, माझं काही चुकलं असेल तर दाखव, नसेल तर मला का मारतोस? तालमीत येशू झालेला मुलगा हे वाक्य फारच नम्रपणे म्हणतो, मान खाली घालून. मी त्याला सांगितलं, हनुवटी वर, नजर तिच्या डोळ्यांत, श्वास पोटातून. तिला सांगितलं, हात गालाच्या दोन बोटं अलीकडे थांबला पाहिजे. ते तिला जमतं, वर्षभर तेच तर केलंय. अडचण अशी झाली की लागलेलीच नसल्याने आवाज होत नाही, आणि फादरांचं म्हणणं, थापडेचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला पाहिजे, नाहीतर म्हाताऱ्यांना कळणार नाही काय झालं ते. म्हणून पडद्याआड पानवाल्याच्या नातवाला टाळी वाजवायला उभं केलंय. तो दर वेळी अर्धा सेकंद आधीच वाजवतो. तिचा हात निघायच्या आत येशू दचकतो, शिपाई हसायला लागतात, आणि मग सगळं पहिल्यापासून. गुड फ्रायडेला अजून दोन आठवडे आहेत.